देवाजवळचं कार्ड

(चाकणजवळच्या गावात, ओसरीवर. आशा कार्यकर्ती शालनबाई, भागूबाई आणि सातवा महिना लागलेली तिची सून, गोरक्षची बायको पुनम.)

शालनबाई: उद्या पुनम राजगुरुनगरला माहेरी निघाली, अन् तिचं गरोदरपणाचं कार्ड तुम्ही देईनात. असं कसं चालेल मावशी?

भागूबाई: देवाजवळ हाय ते. कुनाची नजर नगं लागाया.

शालनबाई: देवाला काय करायचंय त्याचं? तिथल्या सिस्टर मागतील. आणा बघू.

भागूबाई: घे. पाया पडून उघड.

शालनबाई: अगं बाई, कार्डाची रोज पूजा दिसतीय. धनुर्वाताच्या पहिल्या सुईची तारीख आहे. दुसऱ्या रकान्यावर कुंकवाचं बोट. थांबा, पुसते. खाली काहीच नाही. पुनम?

पुनम: राहिली ताई.

भागूबाई: मला तर झाली म्हनलीस.

पुनम: तुम्ही घोर लावून घेतला असता, आई. पहिल्या सुईनं दंड सुजला. मशीनवर हात वर होईना, तर सुपरवायझर विचारायला लागला. कंपनीत तेव्हा दिवस गेल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईला घरी बसवायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या वेळी फर्स्ट शिफ्ट होती, गेले कामावर. मग राहतच गेली.

शालनबाई: मी दोनदा येऊन गेले गं.

भागूबाई: मीच तुला वाटंला लावलं. म्हनले, झालंय समदं, कार्ड देवाजवळ हाय.

पुनम: पण बाळंतपण दवाखान्यातच होणार ना? मग एक राहिली तर काय?

शालनबाई: आणि रिक्षा वाटेत चौकात अडकली म्हणजे? सिग्नल सुटेस्तोवर बाळ थांबणार आहे? दुसरी घेतली तरच पहिलीला बळ येतं, तुम्हा दोघांना जपते ती. सिस्टर एक वाजेपर्यंत अंगणवाडीत आहेत. चल.

पुनम: आज नको. हात सुजला तर उद्या बॅग कशी उचलू? तिकडं घेईन. आणि आईंनी तर एकही घेतली नव्हती. तीन पोरं झालीच की धडधाकट.

भागूबाई: चार.

पुनम: काय?

भागूबाई: चार झाली. गोरक्षच्या आधी पोरगी व्हती. सुइनीनं नाळ इळ्यानं कापली. सा दिस चांगली प्याली. सातव्याला तोंड उघडंना, अंग ताठ. आठव्याला गेली.

पुनम: ह्यांनी कधी सांगितलं नाही.

भागूबाई: त्याला कुठं ठावं? बारशाच्या आधी गेलेलं पोर कुनी मोजत न्हाई, पोरी. नजर लागली म्हनले, आन् गप बसले. म्हनून तर तुझं कार्ड झाकून ठिवलं. तुला जपाया गेले, आन् आत काय लिवलंय ते कुनाकडनं वाचून बी घेतलं न्हाई.

पुनम: खोटं मी बोलले, आई. तुमचं काय चुकलं त्यात? चला ताई, कुठल्या दंडाला देतात?

शालनबाई: सांगशील त्या दंडाला.

भागूबाई: मी बी येते. बॅगेचं नगं बघू, मी एष्टीत चढवून दीन.

शालनबाई: छत्री घ्या, ऊन आहे. आणि कार्ड परत देवाजवळ?

भागूबाई: न्हाई, हिच्या पिशवीत टाक. शालन, तुझ्या त्या घरोघरच्या वहीत माझी किती पोरं लिवलीस?

शालनबाई: तीन.

भागूबाई: चार कर.