नळीखालची बारीक अक्षरं

ओहायोतल्या बंदुकांच्या जत्रेत किंमत सांगणाऱ्या हार्लनच्या टेबलापुढे रांग लागली होती. काखेत रायफल आणि शेजारी बायको, असा व्हर्जिल रांगेत उभा होता. त्याच्यापुढे एक आजीबाई होत्या.

"माझ्या नवऱ्याने, रॉयसने, व्हिएतनामच्या लढाईतून आणलीय. शत्रूच्या हातातून हिसकावून!"

"बाई, रायफल चिनी आहे, तिथल्या शत्रूकडे असायची तशीच, हे खरं. पण नळीखालची ही बारीक अक्षरं वाचा."

"चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा."

"हा आयात करणाऱ्या कंपनीचा ठसा. सैनिकाने स्वतः आणलेल्या बंदुकीवर तो नसतो. ही अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला दुकानात आलेली आहे."

"अठ्ठ्याऐंशी? तोवर लढाई संपून तेरा वर्षं झाली होती की!"

"तेच म्हणतोय. लढाईतली असती, कागदपत्रांसकट, तर दोन हजार डॉलर कुठे गेले नसते. हिचे पाचशे."

"अगं बाई! भांडी घासायचं मशीन पुढच्या वर्षी घेऊ म्हणाला होता, ते त्याच साली! अजून हातानेच घासतेय मी!"

"ते बघा, मघाचे तुमचे यजमान कॉफी घेऊन आलेच. सांगू त्यांना?"

"खबरदार! नातवंडांना रंगवून रंगवून सांगतो तो ती गोष्ट."

"काय गं, काय म्हणाले हे?"

"म्हणाले, नवरा शूर आहे तुमचा. चल रॉयस, आता मशीन बघायला जाऊ."

व्हर्जिलच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

"चल की, आपला नंबर आला! तुझ्या वडिलांनी जर्मनांकडून आणलेली म्हणून सांग हं."

"राहू दे गं. आधी काहीतरी खाऊ या."

व्हर्जिलने नळीखाली अंगठा घट्ट दाबून धरला होता.