ग्राफाइटच्या अहवालावरचं नाव

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे संचालक, आज पहिल्यांदाच आमच्या कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या काकू, आणि पाळी संपताच हातावरची काळी भुकटी न धुता इथे येऊन बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आमचे मिक्सरवाले काका आज निवृत्त होत आहेत. प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचा मान मला मिळाला, हे माझं भाग्य. "चारच शब्द बोला," असं त्यांनी मघाशी बजावलंय. काका, इतकी वर्षं तुमचं ऐकलं नाही, ते आज कसं ऐकेन?

अकरा वर्षांपूर्वी लिफ्टच्या दारांसाठी आपण प्लास्टिकची दातेरी चाकं करायला घेतली. प्लास्टिकला बळ यावं म्हणून त्यात ग्राफाइट मिसळायचं ठरलं. दोनदा दात तुटले. तिसऱ्यांदा तुटले तर विभाग बंद आणि चाळीस माणसं घरी, असं वरून कळवलं होतं. मी नवी, पदवीचा तोरा ताजा. मी काय केलं? ग्राफाइट शेकड्याला तीनवरून आठवर नेलं. जास्त घातलं की जास्त बळ, इतकं सोपं वाटलं मला.

काकांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. तपासणीच्या मशीनवर हिरवा दिवा लागला तरी ते त्या मालाची एक नमुना पट्टी हाताने मोडणार, खिडकीशी जाऊन तुटलेली कड बघणार, मगच माल पुढे सोडणार. आम्ही हसायचो. त्या दिवशी त्यांनी ती कड माझ्यासमोर धरली. आत मोहरीएवढ्या काळ्या गुठळ्या, आणि पट्टी मोडली होती ती नेमकी गुठळीपाशी.

"बाई, घातलंत भरपूर," ते म्हणाले, "पण पोचलंय कुठे?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू? काकांनी मात्र शांतपणे भुकटी वाळवली, बारीक चाळणीतून काढली, आधी थोड्याशाच प्लास्टिकमध्ये दोनदा घोळवली, मग तो काळा माल बाकीच्यात सोडला. ग्राफाइट पुन्हा तीनच. या वेळी पट्टी मोडायला दोघं लागले आणि कड एकसारखी निघाली. काकू, यांनी घरी सांगितलं नसेलच, पण तुमच्या इमारतीतल्या लिफ्टचं दारसुद्धा त्याच चाकांवर सरकतं.

या पद्धतीचा अहवाल मी लिहिला आणि त्यावर नाव घातलं एकटीचं. बक्षीस घेतलं, बढती घेतली. काकांनी एकदाही विषय काढला नाही. मला त्याची लाज वाटते. आणि अशा माणसाच्या हाताखाली शिकले, याचा अभिमान त्याहून कितीतरी मोठा आहे.

काका, मान हलवू नका. तो अहवाल दुरुस्त होऊन, अध्यक्षांच्या सहीनिशी, आज सकाळी नव्याने निघालाय.

संयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. काकांची माफी मात्र मी वेगळी मागते, सगळ्यांदेखत. काका, इकडे या, चष्मा लावा, आणि पहिल्या पानावरचं पहिलं नाव काकूंना ऐकू जाईल असं वाचा.