भाताआधी घास नाही

चूक माझी होती की त्या जपान्यांची, ते तुम्हीच सांगा. मी दुबईला मुलाकडे, संदीपकडे गेलो होतो. तिथे त्याच्या जपानी साहेबाने आम्हा दोघांना जपानी हॉटेलात जेवायला नेलं. संदीपची बढती याच साहेबाच्या हातात होती.

पहिली ताटली आली. तिच्यात मुळ्याची एक चकती आणि एक पान. मी हात मांडीवर ठेवून बसलो. साहेबही तसाच बसला. वडीलधाऱ्याने सुरुवात केल्याशिवाय तो खाणार नव्हता.

"अप्पा, स्टार्ट करा ना," संदीप कुजबुजला.

"अजून भात वाढला नाही."

"तुम्ही हे संपवा, मग पुढचं येईल."

"भाताआधी मी घास घेत नाही."

शेवटी संदीपने साहेबाला सांगितलं. साहेबाने मान लववून भात मागवला. मी वाटी स्वच्छ केली, साहेबानेही केली. लगेच वाढणारी बाई चहा घेऊन आली.

"आणि बाकीचं जेवण?" मी विचारलं.

"अप्पा, यांच्यात भात म्हणजे शेवट. खलास!"

"आपल्यात भात म्हणजे सुरुवात. सांग साहेबाला."

संदीपने भीत भीत सांगितलं. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि त्याने चहा परत पाठवला. संदीपच्या जिवात जीव आला.

मग एकामागून एक आठ ताटल्या आल्या. शेवटी पुन्हा भात आला.

मी वाटीवर हात आडवा धरला. न जाणो, परत पहिल्यापासून सुरू करायचे.