परिचयातली कोरी ओळ

(रोहणा, तालुका आर्वी. पंचवीस जानेवारीची दुपार. ओसरीत रुख्माबाई मेथीच्या जुड्या बांधत आहेत. त्यांचे पती वासुदेवराव आणि कॉलेजात शिकणारी नात काजल समोरासमोर बसले आहेत.)

काजल : "...उत्तरेला तिबेट आणि पश्चिमेला भूतान. अशा या दुर्गम अरुणाचल प्रदेशात, तेरा हजार सातशे फूट उंचीवर सेला ही खिंड आहे." इथपर्यंत बरोबर आहे ना, आबाजी?

वासुदेवराव : उंची बराबर हाय. पर नुस्ती खिंड म्हनलं का लोकायले टेकड्यायमंधली नाली वाटते. तलाव लिही. वर पोचलं का पयले तलाव दिसते. डिसेंबरात असा गोठते का त्याच्यात ढग दिसते.

रुख्माबाई : उद्या झेंडा चढवाचा हाय का शाळेत भूगोल शिकवाचा हाय?

काजल : आजी, झेंडा आबाजींच्या हातून चढणार, म्हणून सरपंच ज्योत्स्नाताईंनी परिचय मागितला आहे. म्हणाल्या, वासुदेवकाका जिथे अठ्ठावीस वर्षं राहिले तो मुलूख गावात कोणी पाहिलेला नाही, तू सहलीत पाहून आलीस, तर तूच लिही आणि तूच वाच. पुढे ऐका. "सेला उतरल्यावर जंगचा धबधबा लागतो आणि मग तवांगचा मठ. तो सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. मठासाठी जागा शोधणाऱ्या लामांचा घोडा हरवला आणि तो ज्या कड्यावर सापडला तीच जागा त्यांनी निवडली, अशी तिथली कथा आहे."

वासुदेवराव : घोड्यानं जागा मस्त पाह्यली. साऱ्या पहाडात दरडी येतेत, पर त्या कड्यावर मठ कसा जमून बसला हाय. जमीन पारखावी त त्या घोड्यानं.

रुख्माबाई : मामंजीनं नाल्याकाठचं वावर घेतलं तवा आनला असता तो घोडा, त दर साली तूर बुडाली नसती.

काजल : मग इतिहास. "एकोणीसशे बासष्टच्या युद्धात चिनी सैन्य याच भागातून खाली उतरले."

वासुदेवराव : तवा रस्ता होता तो नावाले. आपले जवान पायी चढले, पातळ कपड्यायवर. हे नीट वाचजो, घाईघाईनं वाचू नको. मंग?

काजल : मग तुम्ही. "आमच्या गावाचे वासुदेवराव यांनी या भूमीवर..." आणि पुढची ओळ मी कोरी सोडली आहे.

रुख्माबाई : कोरी काऊन? फौजेत होते म्हून लिही. साऱ्या गावाले मालूम हाय.

काजल : आबाजी सांगतील ते लिहीन.

वासुदेवराव : तुले समजलं वाट्टे.

काजल : हो. आमच्या गाडीचा चालक तिथलाच होता, मोन्पा जमातीचा. मी त्याला मोबाइलवर तुमचा वर्दीतला फोटो दाखवला आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, माझे आजोबा इथे सैन्यात होते. त्याने फोटो मोठा करून पाहिला. तुमच्या मागे कोपऱ्यात पिवळं काहीतरी अर्धवट दिसतं ना, तिथे बोट ठेवून म्हणाला, "दीदी, ये फौजी नहीं हैं. ये सड़कवाले हैं. पीछे डोज़र खड़ा है."

वासुदेवराव : पोट्टा हुशार हाय. खरं हाय ते. मी सीमा सडकीचा मानूस, वर्दी आमालेही असे. डोझर चालवला, बर्फ हटवला. बंदूक कधी हातात घेतली नाई.

काजल : आजी, तुला माहीत होतं?

रुख्माबाई : नवरा काय काम करते हे बायकोले मालूम नसन काय? पर गावाले सांगाची काय गरज हाय?

काजल : मग इतकी वर्षं सगळे फौजी म्हणत होते, आबाजी. तुम्ही एकदाही सांगितलं नाही?

वासुदेवराव : पयल्याच सुट्टीत सांगतलं. बाबा पुलगाव टेसनावर घ्याले आलते. त्यायनं वर्दी पाह्यली, बूट पाह्यले, आन् रोहणा येईपर्यंत साऱ्या गाडीले सांगतलं, पोरगा फौजेत हाय. मी म्हनलं, बाबा, मी सडक बांधतो. त बाबा मह्या कानात म्हनते, बराबर हाय, असंच सांगत जाय, फौजेच्या गोष्टी बाहेर सांगू नाई. मह्या दोस्ताले, तानबाले सांगतलं त त्यानंही डोळा मारला. जितकं खरं सांगो, तितकी लोकायची खात्री होये. मंग मी थकलो. आन् बाबा जिवंत होते तोवर त्यायचं तोंड पाहून मलेही बरं वाटे. हे मी खोटं नाई बोलत.

रुख्माबाई : मंग आता काऊन उकरून राह्यले? मी लगन करून आली तवापासून मले फौजीन म्हनतेत. मनकर्णाबाई आजही पाराहून हाक मारते, अवो फौजीन, मेथी हाय काय. आन् उद्या गावातला आदेश सुट्टीवर आलेला, खरा फौजी, त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसून सांगान, का मी डोझर चालवत होतो? मी लोकायले काय तोंड दाखवू?

काजल : आदेशदादा विचारेल म्हणून सांगताय का, आबाजी? कुठली पलटण, असं?

वासुदेवराव : त्याले काय भेवाचं. तो वर चढते कोन्या रस्त्यानं? रुख्मा, तू आयक. सेलावर रातभर बर्फ पडला का सकायी रस्ताही पांढरा आन् दरीही पांढरी. डोझरच्या पुढं आमचा तिथलाच मजूर पेमा चाले, हातात लांब सळई. दर पावलाले सळई बर्फात टोचे. खाली गोटा लागला का मागं न पाह्यता हात वर करे, मंग मी हातभर पुढं सरको. सळई खालीच गेली, गोटा लागलाच नाई, का समजाचं इथून दरी. चार कोस रस्ता असा हातभर हातभर मोकळा केला आमी. मागं राशनचे ट्रक उभे, फौजेचेही. आन् उद्या झेंड्याच्या दोरीले हात लावाचा त दुसऱ्याच्या नावानं कायले लावू? त्या फौजीयचे मुडदे मह्यासमोरून खाली नेले हायेत. त्यायचं नाव मी घेऊ काय?

रुख्माबाई : हे कधी सांगतलं नाई तुम्ही. सळईचं.

वासुदेवराव : सांगतलं असतं त सुट्टी संपल्यावर जाऊ देल्लं असतं काय तू?

काजल : आजी, त्या चालकाने पुढे काय केलं, ते सांगते. आता डोंगराखालून बोगदा झाला आहे, सगळ्या गाड्या त्यातूनच जातात. त्याने मात्र आमची गाडी मुद्दाम वरच्या जुन्या रस्त्याने नेली. तलावापाशी थांबवली आणि हा पांढरा खादा माझ्या हातात दिला. तिकडे मानाच्या माणसाच्या गळ्यात घालतात. म्हणाला, आजोबांना द्या. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये त्याच्या आईला बाळंतपणासाठी याच रस्त्याने खाली न्यायचं होतं. दोन दिवस बर्फ होता. तिची गाडी डोझरच्या मागे मागे, पायी चालावं तशी उतरली.

वासुदेवराव : सत्त्याण्णव. त्या पट्ट्यात आमी चौघं होतो डोझरवाले. मी असन, नाईतर दुसरा असन. चौघायचाही हाय हा खादा.

रुख्माबाई : आन् बाई? सुटली काय नीट? लेकरू?

काजल : आजी, आमची गाडी तेच लेकरू तर चालवत होतं.

रुख्माबाई : ...आन इकडं तो कपडा. हात पुसून घेतो पयले, मेथीची माती हाय. इतका मऊ. याची घडी मोडू नका कोनी. उद्या सदऱ्यावर हाच घालाचा, ते जुनं उपरणं नाई.

काजल : आणि मनकर्णाबाईंनी फौजीन म्हणून हाक मारली तर?

रुख्माबाई : म्हनू दे. मी ओ देनार नाई. दोन-चार खेपा हाका मारून थकन, मंग इचारन, तवा सांगीन तिले सळईचं.

काजल : मग ही ओळ कशी लिहू, आबाजी?

वासुदेवराव : साधी लिही. अठ्ठावीस वर्षं डोझर चालवून रस्ता मोकळा ठेवला.

रुख्माबाई : सेलाचा रस्ता लिही वो काजल. नुस्ता रस्ता म्हनशीन त लोकायले वाट्टीन आर्वीचा.