मासिकाचं वर्ष

आमच्या नंदनवनच्या घरातलं काचेचं कपाट तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. माझी बायको कॉलेजात इंग्रजी शिकवायची. तिच्या कादंबऱ्या त्यात लेखकांप्रमाणे नव्हत्या, पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्या त्या वर्षांच्या क्रमाने होत्या. ती गेल्यानंतरच्या दिवाळीत घराला रंग दिला आणि मेहुणीने सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून टाकली.

"काहून वं, कोणी सांगितलं होतं तुले?"

"भाऊजी, पाहा तं, किती छान दिसून राहिलं."

मग मी आणि मुलगी बसलो. मुलगी फोनवर वर्ष पाहून सांगायची, मी पुस्तक लावायचो. एका कादंबरीपाशी गाडी अडली. ती आधी लंडनच्या मासिकात क्रमशः आली होती, पुस्तक नंतर निघालं. बायको मासिकाचं वर्ष धरायची, मी पुस्तकाचं. हे भांडण आमच्या संसाराइतकंच जुनं होतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, इथं पुस्तकाचंच वर्ष दिलं आहे. तुम्ही जिंकले."

मी पुस्तक मासिकाच्या वर्षात सरकवलं.

"अहो बाबा, ते तं आईचं वर्ष झालं."

"असू दे," मी म्हटलं. "कपाट बी तं तिचंच आहे."