चारशे बारा नंबरचं स्थळ

— खिशात काय हाय ते? मोबाईल न्हाई ओ, त्याच्या खालचं. पेनड्राइव्ह? मग तो इकडं टेबलावर ठेवा, माझ्या समोर. हां, तांब्याशेजारी. राग मानू नका भाऊ. अण्णारावच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून आलाव म्हणता, मी त्याला फोन करून विचारलं बी हाय, पण ह्या मशीनमध्ये सगळा लातूर जिल्हा आन् निम्मं नांदेड हाय — साडेतीन हजार पोरं-पोरी, फोटोसकट, पगारासकट, कुणाचं कुठं मोडलं त्याच्यासकट. चंद्रप्रभा वधूवर केंद्र म्हणलं की लोक डोळे झाकून इश्वास ठेवतात. म्हणून मला डोळे उघडे ठेवावे लागतात. बसा. न्हाई, खुर्ची अशी घ्या, मला तुमचे हात दिसले पाहिजेत.

तकरार काय, ते सांगते. प्रोग्राम उघडला की पहिल्या स्क्रीनवर महादेवाची पिंड यायची, वर केंद्राचं नाव, खाली तीन बटनं — नवीन नोंद, स्थळ शोधा, बंद करा. पाच वर्षं तेच. सोमवारी सकाळी उघडलं तर पिंड गायब, नाव गायब, बटनं गायब! सरळ एका पोरीचा फॉर्मच समोर, चारशे बारा नंबर. फॉर्मवरचं 'बंद' दाबलं तर अख्खा प्रोग्रामच बंद. पुन्हा उघडा, पुन्हा तीच पोरगी. आज तीन दिवस झाले, लोहा-अहमदपूरहून माणसं येऊन चहा पिऊन परत चालली. तुम्ही फक्त माझी पिंड परत आणा, बाकी कशाला हात लावू नका. आन् स्क्रीनवरचा तो खालचा कागद काढायचा न्हाई! मीच चिकटपट्टीनं लावलाय. खाली काय न्हाई ओ, हायच काय खाली. कामाचं सगळं वरच हाय.

माझा शक कुणावर हाय, सांगू? शिवमूर्तीवर. समोरच्या गल्लीत त्यानं बी केंद्र काढलंय. सहा वर्षं माझ्या हाताखाली काढली त्यानं, पाणी कुठं ठेवते ते बी मालूम हाय त्याला. माझं काम बंद पडलं तर लोक कुणाकडं जाणार? — थांबा, थांबा. डाव्या हातानं काय दाबून धरलंत? शिफ्ट? म्हणजे शिफ्ट दाबून उघडलं की पहिला स्क्रीन येतच न्हाई, सरळ आत जाता येतं? अगं बाई! मग इतकी वर्षं मी पहिल्या स्क्रीनचं कुलूप लावलं म्हणून खुशाल झोपत होते ते काय नुसतं देखाव्याचं? हे शिवमूर्तीला येतं का? त्याला? त्याला साधा फोटो चिकटवता येत न्हाई, मीच हसायचे त्याला. पण कुणाकडून करून घेतलं असंल. तुमच्याकडून तर न्हाई ना? — बरं, बरं, उठू नका. विचारलं म्हणून काय झालं.

हाव, वाचलंत ना नाव. देविका. माझीच पोरगी. ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, हा प्रोग्राम बी तिनंच बनवला. एकतीसची हाय. मग? आईच्या केंद्रात पोरीचा फॉर्म असू नये का? — काय? 'जुळलं' लिहिलंय म्हणून पेढे मागता? तुम्हाला काय करायचंय... आमची रीत अशी हाय, एखाद्याचं ठरलं की त्याच्या फॉर्मवर 'जुळलं' टाकायचं. मग ते स्थळ यादीत दिसत न्हाई, कुणी त्याला उगं फोन करून बेजार करत न्हाई. तसं टाकलंय. कधी ठरलं? ठरलं म्हणजे... तुम्ही पिंड शोधा की ओ!

ठरलं न्हाई. झालं समाधान? तीन वर्षांपूर्वी मीच टाकलं. रोज चार फोन यायचे तिच्यासाठी, एक स्थळ पुण्याचं, एक थेट हैदराबादचं. हे गेल्याला तेव्हा वर्ष बी झालं नव्हतं. संध्याकाळी सहाला गेट वाजतं ना, तेवढ्यासाठी मी दिवस काढायचे. दोघींचा चहा टाकायचा. भ्याले मी. म्हणलं जरा थांबू, सहा महिने. मग फोनच बंद झाले आन् मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. लोकांच्या पोरी उजवत राहिले आन् माझी...

गेल्या महिन्यात एक जण आला होता. रुद्रेश, देगलूरचा, हितं बँकेत हाय. आईबाप न घेता एकटाच आला, चप्पल बाहेर काढून, घाम पुसत. काकू, देविकाचं स्थळ हाय का म्हणला. मी काय करावं? स्क्रीन वळवून दाखवलं त्याला — जुळलं. पोराचं तोंड एवढंसं झालं. अभिनंदन म्हणून गेला बिचारा. आता लातूर काय मोठं हाय, भेटला असंल कुठंतरी, तिचं बी अभिनंदन केलं असंल...

काय दाखवता? चष्मा घेऊ द्या. हा स्क्रीन कधी बदलला त्याची तारीख? रविवार, सकाळी अकरा वाजून वीस. बगा! रविवारी मी उदगीरला मेळाव्यात. म्हणजे मी नसताना कुणीतरी आत शिरलं! मी म्हणतच होते ना? पण कडी-कुलूप तर शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक ही, माझ्या कमरेला. आन् दुसरी —

पाणी घेता का? मी घेते.

तीन दिवस झाले, देविका काय बोलली न्हाई हो. जेवते, ताट उचलते, कॉलेजला जाते. मी शिवमूर्तीला शिव्या घालते, ती ऐकून घेते. आन् मला काय कळलं नव्हतं का? कळलं होतं. सोमवारीच. न्हाईतर तो कागद कशाला लावला असता? काढा आता. ओढा जोरात. आमच्या फॉर्ममध्ये शेवटी 'अपेक्षा' म्हणून एक रकाना असतो. लोक लिहितात, निर्व्यसनी पाहिजे, नोकरी पाहिजे, पुण्यात फ्लॅट पाहिजे. हिच्या फॉर्मात मी तो कोराच ठेवला होता. आता वाचा काय लिहिलंय. मोठ्यानं वाचू नका.

'आईनं मला एकदा विचारावं.'

एवढंच. आन् त्याच्याखाली तिनं नवीनच टाकलेलं एक बटन — स्थळ खुलं करा. न्हाई, भाऊ, माउसवरचा हात काढा! दाबू नका. मी बी न्हाई दाबणार. न विचारता बंद केलं तसंच न विचारता खुलं करू का?

सहाला पाच कमी हायत. पिंड राहू द्या, उद्या बगू. तुमचा पेनड्राइव्ह घ्या आन् निघा. मला चहा टाकायचाय.