कराचीचा रकाना

ताहेरा : कराचीच्या या वर्तमानपत्रातली कोरी जागा चार बोटं उंच आहे, काका. कडा सरळ आहेत. मजकूर बसवून झाला होता, छापायच्या आधी काढून घेतलाय.

उद्धवराव : सरदारचंच सदर?

ताहेरा : हो. वर त्याचं नाव तेवढं राहिलंय.

झुलेखा : नाव हाय न्हवं? मग माजा ल्योक हाय.

ताहेरा : अम्मा, हा अंक तीन आठवड्यांपूर्वीचा आहे.

उद्धवराव : कोलंबोहून येणारा मजकूर उन्हाळ्यात बंद पडला. रंगूनचा माणूस आता फक्त तांदळाचे भाव कळवतो. आपलं चिंचवडचं साप्ताहिक आणि बातमीदार शेजारच्या तीन देशांत! पुण्याचे संपादक हसायचे मला. आता त्यांना हसायचेही कष्ट नकोत.

झुलेखा : पर कराचीस्नं आलेल्या अकबरनं आणलेला कागद हाय की. बोटीवरनं उतरला तो थेट हितं आला. सरदारनं सोता लिवलंय. छापा तेवढं.

उद्धवराव : मजकूर खणखणीत आहे, झुलेखाबी. लष्कराचा अंमल आल्यापासून तिथं कोणाला उचललं, कुठली वर्तमानपत्रं बंद केली, सगळं. दिल्लीच्या पत्रांतही हे नाही. ताहेरा, उर्दूचं मराठी केलंस?

ताहेरा : केलं. देणार नाही.

उद्धवराव : अगं, त्याचं नाव कुठं घालतो आपण? ‘आमच्या कराचीच्या बातमीदाराकडून’, एवढंच.

ताहेरा : तेवढंच पुरलं. अकबरनं काय सांगितलं ते तुम्हीही ऐकलंत. अंकाच्या बदल्यात अंक म्हणून आपण सरदारच्या कचेरीत पाठवतो, ते आपले अंक पोलिसांनी उचलले. सरदारला समोर बसवून विचारलं, हा बातमीदार कोण?

उद्धवराव : तिथं मराठी कोण वाचणार?

ताहेरा : काका, कराचीत मराठी माणसं कमी आहेत?

झुलेखा : त्यो काय बोलला?

ताहेरा : ठाऊक नाही म्हणाला. त्यांनी सोडलं, पण रोज हजेरीला बोलावतात.

झुलेखा : आन् तरी बी लिवतोय. ल्हानपनापास्नं तसलाच. शेंगा चोरताना धरला तरी हातातली शेंग सोडंना.

उद्धवराव : मग त्याच्या हिमतीचा मान राखायला नको?

ताहेरा : हिंमत त्याची. छपाई आपली. मार त्याला.

उद्धवराव : बरं, नाही छापत. सदर बंद करू. गुपचूप.

ताहेरा : त्याला विचारल्यावर लगेच आपलं सदर बंद पडलं, तर त्यांना दुसरा पुरावा कशाला लागेल?

उद्धवराव : मग करायचं काय? छापायचं नाही, थांबायचं नाही! अकबर येऊन दोन दिवस झाले, तू तोंड उघडलं नाहीस. भैरू आत छापखान्यात पान अडवून बसलाय.

झुलेखा : ताहेरा, माजं ऐक. खुशालीचं पत्र त्यो कवा धाडत न्हाई. तुमच्या पेपरात त्याचं आलं, तू वाचून दाखिवलंस, का मला कळतं, पोरगं जेवलंय, बसलंय, लिवलंय. त्ये थांबलं तर मला त्याची खबर कुटनं?

ताहेरा : नाही मिळणार, अम्मा.

झुलेखा : कवापतुर?

ताहेरा : मला माहीत नाही.

झुलेखा : आन् एवढं करून त्यो सुटंल?

ताहेरा : तेही माहीत नाही. कदाचित उशीर झाला असेल.

(झुलेखा कोरा रकाना हाताने सपाट करत राहते.)

उद्धवराव : बोल, पोरी. काय करू?

ताहेरा : पहिल्या पानावर घ्या. चौकटीत. तो अंक नेहमीसारखाच कराचीला पाठवा. लिहा...

उद्धवराव : सांग.

ताहेरा : ‘कराचीत आमचा कोणीही बातमीदार नाही. कधीही नव्हता. आजवरचा मजकूर आम्ही रेडिओ ऐकून इथेच लिहिला.’